गोरोबाकाकांचे थापटणे



एक प्रश्न असा आहे की तो दिंडीत चालताना कुणाला पडत नाही. तिथे टाळ असतो, पुढच्याच्या पावलावर पाऊल असते, मनाला सवडच नसते. तो पडतो वारीहून परत आल्यावर, पडशी खुंटीला अडकवून ओसरीवर टेकल्यावर. मी कीर्तनाला उभा राहायचो तेव्हा आणि आता बसूनच बोलतो तेव्हाही, हा प्रश्न घेऊन माणसे येतात. म्हणतात, "महाराज, तीस वाऱ्या झाल्या. एकादशी मोडली नाही, हरिपाठ सोडला नाही. पण आत काय झाले ते कळत नाही. ज्ञान म्हणतात ते झाले असेल का? झाले नसेल तर अजून किती करायचे?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो उडवून लावू नये. त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. आत्मज्ञान शोधले म्हणजे सापडते का? कुणी शिकवले म्हणजे येते का? आणि कष्ट केले म्हणजे मजुरीसारखे पदरात पडते का? या तिन्हींचे उत्तर देणारा एक प्रसंग आमच्या येडशीच्या शेजारीच घडला, म्हणून आज तेरला जाऊ.

येडशीहून पूर्वेला निघाले की तेर फार लांब नाही. आगगाडीने गेलात तर ढोकीला उतरायचे. तेरणेच्या काठचे हे गाव फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, ग्रीक भाषेतल्या एका व्यापाराच्या पुस्तकात 'तगर' म्हणून त्याचे नाव आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, असे त्यात लिहिले आहे. गावातले त्रिविक्रमाचे देऊळ पक्क्या विटांचे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय तिथे आहे. ते पाहायला जाल तर मातीच्या वस्तूंपाशी जरा थांबा. मातीच्या मूर्ती, मातीची भांडी, खापरे. दोन हजार वर्षे जमिनीत राहून ती आपल्यापर्यंत आली, याचे कारण एकच, ती भाजलेली होती. त्याच काळात त्याच कुंभारांच्या हातून घडलेले पण आव्यात न गेलेले एकही मडके तिथे दिसणार नाही. ते पहिल्याच पावसात विरघळले आणि तेरणेला मिळाले.

अशा मातीच्या गावात गोरोबाकाका झाले. परंपरा त्यांचा जन्म शके ११८९ म्हणजे इ.स. १२६७ चा मानते आणि समाधी शके १२३९ म्हणजे इ.स. १३१७ ची. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला त्यांची यात्रा भरते. नामदेवराय शके ११९२ चे, ज्ञानोबाराय शके ११९७ चे. म्हणजे तिथ्या धरल्या तर गोरोबा नामदेवांहून तीनच वर्षांनी मोठे. तरी सगळी संतमंडळी त्यांना 'काका' म्हणत. तीन वर्षांच्या वडीलकीने कुणी काका होत नाही. हा मान अधिकाराचा होता.

आता प्रसंग. नामदेवांच्या गाथेत ही संतांची परीक्षा येते. पुढे साडेचारशे वर्षांनी ताहराबादच्या महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ.स. १७६२ ला, 'भक्तविजय' लिहिला आणि गोरोबा-नामदेवांच्या कथा घराघरांत पोचल्या. प्रसंग तीर्थयात्रेच्या आधीचा की नंतरचा, याबद्दल सांगणारे वेगवेगळे सांगतात. आमच्याकडचे लोक तो तेरला, काकांच्या अंगणात घडला असेच सांगतात. मीही तसाच सांगत आलो.

संतमंडळी बसली आहेत. मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातल्या लाकडी थापटण्याकडे गेले. त्यांनी विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, हे आमचे थापटणे, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताई म्हणाल्या, मग आम्हीही मडकीच आहोत, आमचीही परीक्षा करा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताई, कुणी हूं की चूं केले नाही. नामदेवांच्या डोक्यावर थापटणे बसले आणि ते रागावले, हा काय पाहुण्यांचा मान म्हणाले. काकांनी निकाल दिला : एवढे एक मडके कच्चे आहे.

वाचकहो, हे ज्याच्याबद्दल म्हटले तो कोण? पांडुरंग ज्याच्या हातचा नैवेद्य जेवला, ज्याच्याशी बोलला, ज्याच्या कीर्तनात नाचला, तो. भक्तीत नामदेवांच्या वर कुणाला बसवायचे? तरी त्यांना कच्चे ठरवणारी कथा वारकरी संप्रदायाने सातशे वर्षे जपली. आपल्याच थोर पुरुषाचा कमीपणा सांगणारी कथा कोणताही पंथ सहसा सांभाळत नाही, हळूच गाळून टाकतो. आपल्याकडे ती कीर्तनात उभी राहून सांगतात. ती गाळली असती तर त्या तीन प्रश्नांचे उत्तर आपल्या हातून गेले असते, हे जुन्या मंडळींनी ओळखले होते.

आता कुंभाराचे काम नीट पाहू, कारण काका जे बोलले ते आपल्या धंद्याच्या भाषेत बोलले. आधी माती आणायची, खडे वेचायचे, भिजवायची, राख-लीद मिसळायची आणि पायांनी तुडवायची. मग चाकावर आकार. चाकावरून उतरलेले मडके जाड असते. आत गोल दगड धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत ठोकीत ते मोठे आणि पातळ करायचे. मग सावलीत वाळवायचे. ओले मडके आव्यात घातले तर तडकते. घाई करून उन्हात ठेवले तरी चिरते. आणि शेवटी आवा. थरांवर थर रचायचे, गोवऱ्या लावायच्या, वरून झाकायचे, पेटवायचे आणि कुंभाराने बाजूला बसायचे. पुढचे काम आगीचे. आवा निवल्यावर एकेक मडके काढून थापटण्याने वाजवायचे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कच्चे. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना तुम्हीही बोटाने वाजवून घेता, तीच ही परीक्षा.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, थापटण्याची कामे दोन. कच्च्या मडक्याला तेच घडवते आणि भाजलेल्या मडक्याची परीक्षाही तेच करते. काकांचा हात नामदेवांवर पडला तो अपमान करायला पडला नाही. जे मडके अजून घडायचे होते त्याला त्या ठोक्याने वळण दिले. दुसरी गोष्ट, थापटण्याने मडके पक्के होत नाही. हजार वेळा ठोका, भाजण्याचे काम आगच करणार.

इथे पहिली शंका उभी राहते. नामदेवांनी तोवर केलेली भक्ती मग वाया गेली का? नाही, माउली. कच्चे मडके म्हणजे वाया गेलेले मडके नव्हे. माती तुडवलेली आहे, आकार आला आहे, वाळून तयार आहे. ज्याचे वाळणे पुरे झाले त्यालाच आवा मानवतो. नामदेवांची भक्ती ही सगळी तयारी होती. राहिले होते ते एवढेच की, देव माझा आहे, मी त्याचा लाडका आहे, यातला 'मी' शिल्लक होता. थापटणे बसल्यावर जो आवाज निघाला तो त्या 'मी'चा.

नामदेव रडत पंढरीला गेले आणि विठोबाजवळ गाऱ्हाणे मांडले. त्यांना वाटले देव आपली बाजू घेईल. देवाने काकांचाच निकाल कायम केला आणि म्हणाला, गुरूकडे जा, विसोबा खेचरांकडे जा. इथे वारकऱ्याने क्षणभर थांबावे. समोर साक्षात पांडुरंग उभा आहे, तोही म्हणतो की माझ्या जवळ असण्याने हे होणार नाही. मग नुसत्या जवळिकीच्या भरवशावर आपण किती राहायचे?

नामदेव औंढा नागनाथला गेले. पाहतात तो एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव म्हणाले, महाराज, पाय काढा, हा देव आहे. विसोबा म्हणाले, मी थकलो आहे, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जिथे ठेवावेत तिथे पिंडी. या बाजूला ठेवावेत तर पिंडी, त्या बाजूला ठेवावेत तर पिंडी. आणि नामदेवांचे डोळे उघडले.

आता दुसरा प्रश्न, ज्ञान शिकवता येते का? विसोबांनी काय शिकवले ते पाहा. पोथी सांगितली नाही, आसन सांगितले नाही. नामदेवांना त्यांनी नवा देव दिला नाही. जो देव नामदेव पंढरीच्या विटेवर पाहत होते, तोच पाय टेकायलाही जागा न ठेवता भरला आहे, एवढे त्यांच्याच हातून त्यांना दाखवले. शोधणाऱ्याला शोधायला रिकामी जागाच उरली नाही. गुरू वस्तू देत नाही, वस्तूवरचा पडदा काढतो. म्हणून ज्ञान भाकरीसारखे हातावर ठेवता येत नाही, पण गुरूवाचून चालते असेही नाही. डोळा आपला असला तरी स्वतःच्या डोळ्यातले कुसळ काढायला दुसरा माणूस लागतो.

आणि हे विसोबा कोण? यांनीच एके काळी ज्ञानदेवांच्या भावंडांचा छळ केला होता. मुक्ताबाईंना मांडे भाजायला खापर हवे होते. कुंभारांनी ते देऊ नये म्हणून विसोबांनीच आडकाठी घातली. मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईंनी तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबांचा गर्व गळाला, आणि ज्यांचा द्वेष केला त्यांच्याच उष्ट्यासाठी ते धावले. ज्याने खापर अडवले त्याच्याच हातून पुढे कच्चे मडके पक्के व्हायचे होते! विसोबा ज्ञान शोधायला निघाले नव्हते, ते भांडायला निघाले होते. म्हणजे शोधणाऱ्या नामदेवांना ते मिळाले आणि न शोधणाऱ्या विसोबांनाही मिळाले. शोधले म्हणूनच मिळते असा नियम तुम्हाला बांधता येत नाही. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे : दोघांचाही ताठा आधी मोडला.

तिसरा प्रश्न कमाईचा. त्यासाठी चांगदेव आठवा. कथा म्हणते की योगाच्या बळावर ते चौदाशे वर्षे जगले. मृत्यू दाराशी आला की प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचे. कष्टाने ज्ञान मिळते असे असेल तर यांच्याएवढे कष्ट कुणाचे? ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा ते सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर अधिकार मोठा, नमस्कार लिहावा तर वय आड येते. कोरा कागद पाठवला. मुक्ताई म्हणाल्या, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी उत्तराच्या ६५ ओव्या लिहिल्या, ती 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांना गुरू लाभल्या त्या लहानग्या मुक्ताईच. चौदाशे वर्षांच्या पुंजीने जे विकत मिळाले नाही, ते पुंजी खाली ठेवल्यावर मिळाले.

शास्त्रानेही हेच मोजून सांगितले आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात आचार्यांनी कर्माची चार फळे सांगितली. एक उत्पाद्य, म्हणजे नसलेले निर्माण होणे, जसे मातीचा घट. दुसरे आप्य, दूरचे मिळणे, जसे चालून पंढरी गाठणे. तिसरे विकार्य, एकाचे दुसरे होणे, जसे दुधाचे दही. चौथे संस्कार्य, मळ जाऊन साफ होणे, जसा पुसलेला आरसा. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही. तो निर्माण होत असेल तर कधीतरी नाश पावेल. तो दूर असेल तर सर्वत्र नसेल. तो बदलून होत असेल तर पुन्हा बदलेल. आणि आत्म्याला मळ कधी लागलाच नाही, तर पुसायचे काय? गळ्यातला मणी गळ्यातच आहे, हरवला आहे तो समज. म्हणून ज्ञान ही मजुरी नव्हे. तीस वाऱ्यांचा हिशेब विठोबापुढे मांडून, माझे किती झाले, असे विचारता येत नाही.

इथे तुम्ही मला अडवाल आणि अडवावेच. मग वारी कशाला? एकादशी कशाला? घरी बसलो तर काय बिघडले? या शंकेला उत्तर दिले नाही तर वर सांगितलेले सगळे आळशाच्या सोयीचे होईल.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला पायऱ्या लावून देतात. मन माझ्या ठायी स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही तर फळ सोड. एकाही पायरीवर, स्वस्थ बस, असे म्हटलेले नाही. तुकोबारायांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात, बाबाजी चैतन्यांकडून. तो त्यांनी मागितला नव्हता. पण त्याआधी त्यांनी संतांची वचने आदराने पाठ केली होती, डोंगरावर एकांत केला होता, मोडके देऊळ दुरुस्त केले होते. स्वप्न कुणाच्या हातचे नसते, त्याआधीचे पाठांतर हातचे असते. विष्णुबुवा जोग महाराजांनी इ.स. १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुले मधुकरी मागून शिकली. त्यांना अनुभव शिकवला जाईल असे जोग महाराज म्हणाले नाहीत. पाठांतर, अर्थ, चाल आणि आचरण, जेवढे शिकवता येते तेवढे नीट शिकवावे, म्हणजे उरलेल्याला जागा होते.

कुंभाराकडेच पाहा. आगीवर त्याची सत्ता नाही, म्हणून तो माती तुडवायचे सोडत नाही. उलट आग आपल्या हातात नाही हे ठाऊक असल्यामुळे हातातले काम तो अधिक जपून करतो. न तुडवलेल्या मातीचे मडके आव्यात फुटते. साधनाने ज्ञान विकत मिळत नाही, पण साधनावाचून कृपा आली तर ती साठवायला भांडे राहत नाही.

आमच्या येडशीच्या घाटात रामलिंगाचे देऊळ आहे. श्रावणात लोक जातात. जटायू पडला तो इथेच, अशी आमच्याकडची श्रद्धा. जटायूने काय कमावले? सीतामाईला तो सोडवू शकला नाही. पंख तुटले, लढाई हरला. मजुरीच्या हिशेबाने त्याच्या पदरात शून्य. पण तो आडवा गेला होता. रामाला शोधत तो गेला नाही, तुटल्या पंखांनी जाणार तरी कुठे? रामच शोधत त्याच्यापाशी आले आणि त्याला मांडीवर घेतले. वारकऱ्याने आपले कष्ट जटायूसारखे करावेत. आडवे जाणे आपल्या हाती, मांडी त्याच्या हाती.

हे आज सांगण्याचे कारण आहे. इतक्या दिवसांत साक्षात्कार, इतक्या रुपयांत अनुभव, असे सांगणारे आता गावोगाव येतात. मांडव टाकतात, पावती फाडतात. शेवटच्या दिवशी माणसे रडतात, हसतात, आम्हाला झाले म्हणतात. त्यांच्यावर मी टीका करीत नाही. फक्त घरी गेल्यावर थापटणे मारून पाहा असे सांगतो. सुनेने उलट उत्तर दिले तेव्हा आवाज कसा आला? भावाने बांध कोरला तेव्हा? कुणी मान दिला नाही तेव्हा? गोरोबाकाकांनी नामदेवांना समाधीत बसवून परीक्षा घेतली नाही, पंक्तीत बसलेल्या माणसाच्या मानाला धक्का देऊन घेतली. तीस वाऱ्यांचे काय झाले असे जो विचारतो त्यालाही माझे हेच सांगणे. आत प्रकाश दिसला का हे पाहू नका. पूर्वी जिथे बद्द वाजत होते तिथे आता कसे वाजते ते पाहा. आणि बद्दच वाजले तर घाबरू नका. नामदेवरायांचे तसेच वाजले होते.

आणखी एक गोष्ट ही कथा सांगणारे पुष्कळदा विसरतात. माती तुडवताना नामात बुडालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे तान्हे मूल गेले, पुढे शपथेपायी त्यांनी आपले हात तोडले. ते हात परत फुटले कुठे? पंढरीत, नामदेवांच्या कीर्तनात, सगळ्यांनी टाळीसाठी हात वर केले तेव्हा. थापटणे मारणाऱ्या काकांना हात मिळाले ते, ज्यांना कच्चे म्हटले त्याच नामदेवांच्या कीर्तनात. यात आधी काय आणि नंतर काय याचा वाद घालू नका. एवढेच घ्या की संतांच्या घरी परीक्षा करणारा वरचा आणि देणारा खालचा असे नसते. तिथे एकमेकांच्या हातून एकमेकांचे काम होते.

नामदेव पक्के झाले म्हणजे काय झाले? पक्के मडके फडताळात मांडायला नसते, पाणी भरायला असते. नामदेवराय पुढे पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. शिखांचा आदिग्रंथ इ.स. १६०४ मध्ये सिद्ध झाला, त्यात नामदेवांची ६१ पदे घेतली गेली. भीमेचे पाणी एवढ्या दूर जाऊन लोक प्याले, न झिरपता, न आटता. कच्च्या मडक्याने ते गेले नसते.

आणि शेवटी नामदेव पंढरीला परतले. महाद्वाराच्या पायरीपाशी त्यांनी समाधी घेतली, परंपरा शके १२७२ म्हणजे इ.स. १३५० सांगते. देवाशी बोलणाऱ्याने गाभाऱ्यातली जागा मागितली नाही, पायरी मागितली. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. तेरच्या अंगणात एका कुंभाराचे थापटणे ज्यांना सोसले नव्हते, त्यांनी सगळ्या वारकऱ्यांचे पाय आपल्या माथ्यावर मागून घेतले.

पुढच्या वारीला महाद्वारात त्या पायरीशी वाकाल, तेव्हा किती वाऱ्या झाल्या ते मोजू नका. कपाळ टेकवा, क्षणभर राहा आणि आत जा.

रामकृष्णहरी.